उघडी राहिलेली एकच खिडकी

माझी थोरली बहीण एका इस्पितळात कॉम्प्युटर सांभाळते. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, दिवस भरायच्या आत जन्मलेली नऊ बाळं काचेच्या पेट्यांत निजलेली होती. कुणाला किती ऑक्सिजन सोडायचा, ते ताईचा कॉम्प्युटर ठरवी.

त्या सकाळी ताईनं जुन्या फायलींची झाडलोट सुरू केली. मागच्या वर्षीची प्रत समजून एक फोल्डर उचलला आणि अडगळीत सरकवला. पुढची कमांड दिली, तर उत्तर आलं: लायब्ररी सापडत नाही. दुसरी दिली. तेच.

ताईनं हलवलेल्या फोल्डरचं नाव पुन्हा वाचलं. तो फोल्डर प्रत नव्हता, रोजच्या वापरातला अस्सल होता. कुठलाही प्रोग्राम सुरू होताना ठरल्या जागी जातो, तिथली सामाईक अवजारं, म्हणजेच लायब्ररी, घेतो, मगच कामाला लागतो. ती जागाच आता रिकामी होती. फोल्डर परत आणणाऱ्या प्रोग्रामलाही तीच अवजारं हवी होती. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून!

बाळांचा प्रोग्राम मात्र चालू होता. त्यानं आपली अवजारं महिन्यापूर्वी सुरू होतानाच घेतली होती. पण एकदा थांबला, की पुन्हा उठणार नव्हता.

तेवढ्यात वायरमन दारात. "ताई, कॉम्प्युटरची बॅटरी बदलायचीय. दोन मिनिटं बंद करतो. तेवढा वेळ ऑक्सिजन सिस्टर हातानं बघतायत."

"हात लावू नकोस!"

"अहो, फुगलीय ती. आपोआप गेली तर?"

"पाच मिनिटं दे, भाऊ."

"पाच म्हणजे पाचच हं. तुमची पाच मला माहितीयत."

पडद्यावर कमांड द्यायची एकच काळी खिडकी उघडी होती. ती मिटली असती तर दुसरी उघडली नसती. ताईनं बोटं कीबोर्डवरून उचलली. मग तिला आठवलं: अवजारं शोधून देणारा जो लोडर असतो, त्याला स्वतःला कुणाचीच अवजारं लागत नाहीत. तोही अडगळीतच पडला होता. तिनं त्याला पूर्ण पत्त्यानिशी हाक मारली, अवजारं कुठं आहेत ते सांगितलं, फोल्डर परत आणणाऱ्या प्रोग्रामला उठवायचं तेही सांगितलं. एकच ओळ. ओठ हलवत तीनदा वाचली. बटण दाबलं.

काहीच उमटलं नाही. काम झालं की ही यंत्रं गप्प बसतात. तिनं फायलींची यादी मागितली. यादी आली; फोल्डर जागेवर होता.

वायरमननं खटका पाडला. पलीकडे एक बाळ रडलं. दोन मिनिटं ताई घड्याळाचा काटा बघत राहिली. मग पडदा उजळला, प्रोग्राम उठला, हिरवा दिवा लागला.

"एवढा घाम, ताई? पंखा पण बघून देऊ का?"

ती काचेपाशी गेली आणि बाळं मोजली. नऊ. परत मोजली.