खांदा आलेली होडी

पुण्याहून भल्या पहाटे निघालो. गाडीमागे दोन चाकांचा ट्रेलर, ट्रेलरवर दहा फुटी, जुनी फायबरची होडी आणि होडीखाली दुहेरी सतरंजी. सतरंजीची अक्कल माझी. मी जन्मभर कारखान्यात ड्रॉइंग काढली, त्यामुळे कशाखाली काय घालावं हे आपल्याला कळतं, असा माझा समज आहे. होडीचं पोट ट्रेलरच्या लाकडी फळ्यांवर घासू नये म्हणून त्यांवर सतरंजी ठोकली. फायबरवर ताण नको म्हणून होडी बांधायचा पट्टाही जरा सैलच ठेवला.

"लग्नात मलासुद्धा एवढी मऊ गादी मिळाली नव्हती," मंदा म्हणाली. मंदा म्हणजे माझी बायको. होडी घेतली तीही तिच्याचसाठी.

तिचे वडील येलदरीच्या वीजघरात ऑपरेटर होते. तिचं बालपण धरणाच्या वसाहतीत गेलं, पण पाण्याकडे फिरकायची सक्त मनाई. 'एखाद्या रविवारी होडीतून फिरवून आणतो,' असं वडील म्हणत राहिले, तेवढ्यात बदली झाली. परवा परवा, गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर पडल्या पडल्या, ती हे सहज बोलून गेली. मला ते सहज वाटलं नाही.

बीड, माजलगाव करत पाथरीला चहाला थांबलो. सवयीने होडीखाली हात घातला, तर बोटांना पांढरी भुकटी लागली. सेलू सोडल्यावर रस्ता आणखी खडबडीत झाला. दोन्हीकडे काळी रानं, फुटलेला कापूस, हिरवीगार ज्वारी. मंदा खुशीत होती. माझं लक्ष मात्र मागून येणाऱ्या खरखर आवाजाकडे. वालूरला ट्रॅक्टरच्या पंक्चरचं दुकान दिसलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

खाली वाकून पाहिलं. होडीच्या पोटाचा रंग तळहाताएवढा उडाला होता आणि आतले धागे दिसत होते.

"परत फिरू या," मी म्हणालो. "भर पाण्यात फाटली तर काय करायचं?"

मंदा कापसाच्या रानाकडे तोंड करून बसली. मला स्वतःचा भयंकर राग आला.

दुकानाच्या बाकावर धोतर-टोपीतले एक म्हातारे ट्रॅक्टरच्या चाकाची वाट बघत बसले होते. सगळे त्यांना किसनमामा म्हणत. ते न बोलावता उठले, होडीखाली हात फिरवला आणि म्हणाले, "खांदा आलाय की हिचा." (जू घासून बैलाच्या मानेला सूज येते, त्याला खांदा येणं म्हणतात.)

"मामा, सतरंजी दुहेरी घातलीय हो," मी म्हणालो.

"गादी कमी पडली म्हनून खांदा येत न्हाई सायेब. जू ढिलं असलं, हलायलं, की येतो. तुमची होडी रस्ताभर हलायलीय. त्यात सतरंजीत बगा किती रेती बसलीय. कानसच झाली तिची."

मी सतरंजीची सुटी कड झटकली. वाटेतली सगळी धूळ त्यातून निघाली. लाड करून मीच होडी सोलली होती.

मग मामांनी कामाचा ताबा घेतला. गावातली चार माणसं बोलावून होडी उतरवली आणि पोट धुतलं. दुकानदाराने नळाची गळती बुजवायची लांबी मळून जखमेत भरली. सतरंजीच्या जागी ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या आल्या, रेती न धरणाऱ्या. मी वरून खिळा ठोकायला लागलो तर मामा म्हणाले, "तोंडावर न्हाई, फळीच्या कुशीला मारा. न्हाईतर त्योच टोचंल." होडी चढवल्यावर कडब्याची गाडी आवळतात तसा दोर टाकून त्यात काठी घातली आणि पीळ दिला. होडी आणि ट्रेलर एकजीव झाले.

"फुटणार नाही ना?" मी विचारलं.

"आता तिला धरून हाय कुनीतरी. कशाला फुटंल?"

जेवल्याशिवाय सोडलं नाही. मामांच्या घरी भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) असा बेत होता. मंदाने येसर तिसऱ्यांदा मागून घेतलं.

जिंतूरला मुक्काम केला. लांबी दगडासारखी वाळली. सकाळी येलदरीला पोचलो. परवानगी आधीच काढून ठेवली होती. काठावर जाळं पसरणाऱ्या एका भोईदादांनी होडी लोटायला मदत केली आणि सोबत यायलाही तयार झाले. केशरी जाकिटं चढवून आम्ही तिघं बसलो. पहिली दहा मिनिटं मी पाणी बघितलंच नाही; होडीच्या तळाकडे बघत होतो. तळ कोरडा होता.

"अहो, वर बघा की जरा," मंदा म्हणाली.

समोर टेकाडावर वसाहत दिसत होती. तिने जुन्या क्वार्टर्सची रांग बोटाने मोजत आणली आणि एका क्वार्टरवर थांबली. "तिथल्या ओट्यावरून बाबा हाक मारायचे. मी पाण्याकडे गेले की लगेच."

मग अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "येते हं बाबा. एक चक्कर मारून येते."

भोईदादांनी न विचारता होडी वळवली आणि आणखी एक मोठा फेरा घेतला.

परत येताना काठाजवळ पाणी गुडघाभर होतं आणि खाली सगळा मुरूम. "इथंच थांबवू का? वर वढली तर बूड घासंल," दादांनी विचारलं. मंदाच्या गुडघ्यांना तेवढ्या पाण्यात उतरणं अवघड होतं.

"ओढा वर," मी म्हणालो. "पार कोरड्यापर्यंत."

करकर आवाज झाला. मंदा कोरड्या जमिनीवर उतरली, माझा हात न धरता.

पुण्यात आल्यावर होडी उलटी करून पाहिली. वालूरनंतर ट्रेलरने एक नवा ओरखडासुद्धा काढला नव्हता. जे लांब, पांढरे ओरखडे आहेत ते येलदरीच्या मुरमाचे. रंगाचा डबा आणून ठेवलाय. मंदा रोज विचारते कधी लावणार, आणि मी रोज म्हणतो, उद्या.