हौशाची बेगमी

निघोज्याचे आमचे मामा दिसेल त्या वस्तूचा आधी वास घ्यायचे. पंगतीत भात वाढला की वाटी नाकाशी नेऊन तांदूळ नवा की जुना ते सांगायचे, आणि मामी कपाळाला हात लावायची. गवताच्या बाबतीत तर त्यांचा शब्द शेवटचा. मूठभर गवताला पीळ घालून त्यात नाक खुपसायचे, डोळे मिटायचे. "आजून दोन उनं दावा," म्हणाले की दोन उन्हं दाखवायची. मामा जाऊन वर्ष होत आलं, तरी कुठे गवत कापलेलं दिसलं की त्यांची ती मिटलेल्या डोळ्यांची मुद्राच आठवते.

मोजमापाची त्यांना भारी हौस. कापणी चालू असतानाच ते वावराच्या प्रत्येक कोपऱ्यातली एकेक पेंढी घट्ट आवळून कुंपणावर टाकायचे. गवत वाळलं की पेंढी आक्रसते आणि तिचा बंद सैल पडतो. बंदाखाली किती बोटं जातात, त्यावरून कुठल्या अंगाचं गवत वाळून किती भरेल याचा अंदाज ते बांधायचे. मी तळवड्याला लाकडी खोकी करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम करते. "ही बी मापाची, मी बी मापाचा," असं ते येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे.

मामांच्या त्या शेवटच्या कापणीला मात्र या मापाला वेगळंच वजन आलं होतं. वावराचा उरलेला तुकडाही गोदामासाठी भाड्याने जाणार होता. जोडीतला एक बैल आधीच गेलेला, राहिला हौशा. मामेभाऊ कंपनीतून पाळी करून थकून यायचा, आणि त्याने स्वच्छच सांगितलं होतं. घरचं गवत पाऊस लागेपर्यंत पुरलं तर हौशा दारात राहील, नाहीतर जिथे वैरण आहे तिथे द्यायचा. मामांनी मान डोलावली होती.

दिवाळीत अवकाळी सर आली आणि कापलेलं गवत भिजलं. ते पुन्हा पसरलं, उलटंपालटं केलं. गंजी रचायला माणसं मिळणार ती गुरुवारीच, कारण कंपन्यांना सुट्टी त्या दिवशी. मी कारखान्यातला ओलावा मोजायचा मीटर मागून नेला होता. कुंपणावरच्या पेंढ्यांच्या बंदाखाली बोट शिरत नव्हतं, म्हणजे त्या अजून आक्रसल्याच नव्हत्या. मीटरचा आकडाही वरच होता. मामा मात्र खुशीत होते, कारण पेंढ्या भरदार लागत होत्या आणि बेगमी पुरणार असं दिसत होतं. त्यांनी मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाळलंय. रचा."

मीटर ओलं दाखवतोय, असं मी सांगून पाहिलं.

"लाकडाचा न्हवं का त्यो? मग लाकडाला लाव," मामा म्हणाले. सगळे हसले. मीटर खरंच लाकडासाठीचा होता. गवताला तो कितपत लागू पडतो, हे मलाही ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने मामा चहाचं सांगायला घरात गेले. मागोमाग मी गेले. गॅसवर दूध करपत होतं, वास पार उंबऱ्यापर्यंत येत होता, आणि मामा तिथेच पाठमोरे उभे राहून शांतपणे कप विसळत होते. मामीने धावत येऊन गॅस बंद केला. मामा बाहेर गेल्यावर तिने मला परसात नेलं.

"त्या मोठ्या तापात गेलं ते परत आलंच न्हाई. वास येत न्हाई त्यांना. बोलू नगंस, पोरी. गवत पारखाय येत न्हाई म्हणलं तर काय ऱ्हातं त्या माणसाचं?"

मी अंगणात आले. गंजी निम्मी चढली होती. मामा वर उभे राहून पेंढ्या झेलत होते, थरावर थर लावत होते. खाली उभ्या माणसांना दुसऱ्या दिवशी पाळीवर जायचं होतं. मीही एक पेंढी उचलून वर दिली.

पौषात एका सकाळी गंजीतून वाफ निघताना दिसली. उकरून पाहिलं तर मधलं गवत काळं पडून बुरशीने माखलेलं. कुबट वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, शेजारी रुमाल नाकाला लावून आले. मामांनी सवयीने मूठ उचलली आणि नाकाशी नेली. मग ती माझ्यापुढे धरली.

"तूच बघ. मला न्हाई कळत."

"खराब झालंय," मी म्हणाले. ते तिथेच जमिनीवर बसले. कडेचं चांगलं गवत वेगळं काढलं, पण ते शिमग्यापर्यंतही पुरलं नसतं. मामेभावाने टेंपोवाल्याला फोन लावला.

हौशाला न्यायला टेंपो आला त्या दिवशी मामांनी त्याला घासूनपुसून धुतलं. मग त्याच्या मानेवर नाक टेकून कितीतरी वेळ उभे राहिले. टेंपोवाला घाई करायला लागला तसं त्यांनी मला जवळ बोलावलं.

"याचा वास कसा येतो गं? माझ्या ध्यानातच येईना झालाय."

मी वाकून वास घेतला.

"आपल्या गवतासारखा येतोय, मामा. चांगल्या वाळलेल्या."

"मंजी गेल्या सालच्या," ते म्हणाले, आणि दावं सोडून त्यांनी टेंपोवाल्याच्या हातात दिलं.