वाफ्याच्या टोकावरून आलेलं उत्तर

मंडळी, तुमच्या घरात कोण कुणाशी बोलत न्हाय? माझं वय शहाण्णव. मी सांगतोय आन् नात टाईप करतीय.

माझी धाकटी बहीण सुमन भिगवणला असती. माझ्या नातवाच्या लग्नात तिला पुढच्या रांगेत बसवलं न्हाय, म्हणून वर्षभर अबोला. आज चर्चमधून आल्यावर मीच फोन लावला. तिनं उचलला, पण बोलंना.

मला आमचा सांगवीचा मळा आठवला. एकोणीसशे अडतीसच्या आसपासची गोष्ट. उपदेशक महिन्यातून एकदाच बारामतीहून चालत यायचे. तोवर उपासनेतली वचनं आन् त्यांची उत्तरं आमी विसरू नये, म्हणून आईनं ती कामाला जोडली. पाटाचं पाणी वाफ्यात सोडताना मी म्हणायचो, "प्रभू तुमच्याबरोबर असो." पाणी टोकाला पोचलं की सुमन तिकडून म्हणायची, "आणि तुझ्याबरोबरही असो." मग मी पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचो.

एकदा मी तिचा पेरू खाल्ला. ती रुसली आन् तिनं उत्तरच दिलं न्हाय, म्हणून मी पाणी वळवलं न्हाय. पाणी बांध फोडून शेजारच्या कांद्यात शिरलं. आई म्हणाली, "भांडा खुशाल, पण उत्तर अडवून धरायचं न्हाय."

आज फोनवर मी तेच म्हणालो, "प्रभू तुमच्याबरोबर असो."

मग बारीक आवाज आला, "आणि तुझ्याबरोबरही असो."

आन् लगेच म्हणाली, "पोचलं पाणी, दादा. आता पुढं वळव."