जावेचं इंग्रजी

माझी धाकटी जाऊ दहावीला इंग्रजीत नापास झाली होती. दुसऱ्या खेपेला बसली आणि जेमतेम सुटली. मी खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत एकोणीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवते. लोधिवलीच्या आमच्या घरात या दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं. बँकेचा फॉर्म आला, औषधाच्या बाटलीवर काही बारीक छापलेलं असलं, की सासूबाई म्हणायच्या, "मोठीकडे दे." जाऊसुद्धा पदर सावरत यायची, "ताई, एवढं बघता का?" मी चष्मा लावून बघायचे.

सहा वर्षांपूर्वी ती दहिवलीच्या पुढे एका फार्महाउसवर कामाला लागली. सुरुवातीला भाजी चिरायला. मग स्वयंपाक तिच्याकडे आला. मग ती पाहुण्यांना शेतात, ओढ्याकाठी फिरवून रानभाज्या दाखवायला लागली. मुंबईचे, पुण्याचे, मधूनच परदेशातले लोक यायचे. तिने स्कूटी घेतली. घरी आल्यावर ती काय बोलते, कुणाशी बोलते, हे मी कधी विचारलं नाही.

गेल्या जानेवारीत फार्महाउसवर पोपटी लावली होती आणि कामावरच्या बायकांच्या घरच्यांना बोलावलं होतं. आम्ही सगळे गेलो. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरलेलं मडकं भांबुर्ड्याचा पाला कोंबून उपडं ठेवलेलं, भोवती जाळ. एक गोरी बाई मडक्याजवळ उकिडवी बसली होती. तिने माझ्या जावेला विचारलं, आत दिसत नाही तर शिजलं हे कळतं कसं?

जाऊ धुरात नाक पुढे करून म्हणाली, "इट मस्ट बी डन. आय कॅन स्मेल इट."

बाई हसली, "रिअली?" आणि दोघी मडकं उतरवायला लागल्या.

मी हातात कागदाची प्लेट धरून उभी होते. पहिल्यांदा मनात आलं, चुकली. मस्ट म्हणजे पाहिजेच. ते शिजलंच पाहिजे, असं कसं म्हणते ही? आणि दुसऱ्याच क्षणी माझंच पुस्तक आठवलं. मस्टचा दुसरा उपयोग, खात्रीचा अंदाज. एक मार्काचा प्रश्न. तो मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलं उतरवून घेतात. पण एकोणीस वर्षांत मी स्वतः कुणालाही, कुठल्याही गोष्टीबद्दल, असं एकदाही म्हटलेलं नव्हतं.

हात धुताना मी तिला विचारलं, "ते मस्ट बी कुठं शिकलीस गं?"

"शिकते कुठं, ताई? येणारं-जाणारं बोलतं ते ऐकायचं. मस्ट बी म्हणजे आपलं असणार. शिजलं असणार, दमले असणार. सोपं हाय."

सोपं हाय. त्या रात्रीची पोपटी सगळ्यांना गोड लागली. मी दोन शेंगा खाल्ल्या.

त्यानंतर मला तिचं सगळंच दिसायला लागलं. फोनवर पाहुण्यांशी बोलताना ती भिंतीला टेकून एका पायावर उभी राहायची, जशी शेजारणीशी बोलावी तशी. काळ खुशाल चुकायचे तिचे, वचन चुकायचं, पण समोरचा हसायचा, उत्तर द्यायचा, पुन्हा फोन करायचा. माझी मुलगी अकरावीत गेली होती. तिला इंग्रजी बोलायची सवय करायची होती, आणि ती संध्याकाळी काकीच्या खोलीत जाऊन बसायला लागली. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "आई, तुझ्याशी बोललं की तू आधी चूक सांगतेस. काकी आधी उत्तर देते."

मी भाकरी थापत होते. हातातली तव्यावर टाकली. पण ते वाक्य कितीतरी दिवस माझ्या कानात राहिलं.

मार्चमध्ये जाऊ एक वही घेऊन माझ्याकडे आली. फार्महाउसच्या मालकांनी नवीन जागा बांधली होती. तिथे पाहुण्यांची सगळी व्यवस्था बघायला एक बाई हवी होती, पगार चांगला होता, आणि निवडीसाठी हॉटेलच्या धंद्यातली एक बाई इंग्रजीतून मुलाखत घेणार होती. जावेने काय बोलायचं ते वहीत लिहिलं होतं. स्पेलिंग येत नसल्यामुळे सगळं इंग्रजी मराठी अक्षरांत.

"ताई, चुकलेलं खोडा. मी तुमी सांगाल तसं पाठ करते."

मी वाचायला लागले. 'व्हेन आय वॉज स्मॉल, माय मदर वुड टेक मी टू द हिल. वी वुड ब्रिंग शेवळं.' लहानपणी आई डोंगरावर न्यायची, शेवळांची रानभाजी आणायची, ते न्यायचं-आणायचं तिने वुडने बरोबर पकडलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, एक म्हातारी पाहुणी महिनाभर राहिली होती, ती तिच्या आईच्या गोष्टी सांगताना सारखं असंच म्हणायची. पुढे होतं, 'सम गेस्ट वुड रादर सिट अलोन. आय कॅन सी. आय डोंट गो देअर.' काही पाहुण्यांना एकटं बसणंच बरं वाटतं. मला दिसतं. मी तिकडे जात नाही. त्याखाली, 'दे मस्ट बी मिसिंग देअर होम.' त्यांना घराची आठवण येत असणार.

माझ्या शाळेतल्या कुठल्याही मुलाने हे लिहिलं असतं तर मी ते वर्गात वाचून दाखवलं असतं.

मी लाल पेन घेतलं. वुड टेक खोडलं, वर लिहिलं वॉज टेकिंग. वुड रादर खोडलं, लिहिलं वॉन्ट टू. मस्टवर मी दोन रेघा मारल्या. "मस्ट म्हणजे सक्ती," मी म्हणाले. "पाहुण्यांवर सक्ती करतेस का तू?"

ती जीभ चावून हसली. "अगं बाई, सहा वर्षं मी लोकांना भलतंच बोलते हाय की! बरं झालं दाखवलं तुमाला."

मी पेनाला टोपण लावलं. मी काय केलं ते मला त्याच वेळी पक्कं ठाऊक होतं. हे आज सांगते, कारण नंतर कधी कधी मनाला समजावून बघितलं आहे की घाईत झालं असेल, नजरचुकीने झालं असेल. तसं काही नव्हतं.

मुलाखतीला तिने मलाच बरोबर नेलं. "तुमी असलात की धीर येतो." तिच्या स्कूटीवर मागे बसून चौकवरून कर्जतच्या रस्त्याने गेलो. वाटेत ती मी दुरुस्त केलेली वाक्यं मोठ्याने म्हणत होती आणि वाऱ्याने ती माझ्याच तोंडावर येत होती.

मुलाखत घेणारी बाई पन्नाशीची, साध्या सुती साडीतली होती. तिने मलाही खुर्ची दिली. जावेला विचारलं, एखादा पाहुणा गप्प गप्प असेल तर काय करता? हा तर तिचा रोजचा प्रश्न. जाऊ बोलायला लागली, "सम गेस्ट वॉन्ट टू... गेस्ट इज वॉन्टिंग..." आणि थांबली. तिने हातातला कागद बघितला. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. घाम फुटला तिला. सहा वर्षं भिंतीला टेकून बोलणारी बाई शाळेतल्या पोरीसारखी शब्द शोधत होती. आणि मला, देवाशपथ, आधी बरं वाटलं. मग तिच्याकडे बघवेना.

बाईंना दया आली असावी. विषय बदलायला त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यू मस्ट बी हर सिस्टर."

मी शाळेतल्यासारखी ताडकन उभी राहिले. "येस मॅडम," मी म्हणाले, "आय मस्ट."

त्यांचं मस्ट अंदाजाचं होतं, माझं सक्तीचं. माझे कान तापले. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "नो नो, शी इज माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ. शी इज इंग्लिश टीचर, व्हेरी गुड टीचर. शी मस्ट बी नर्व्हस." आणि तिने माझा हात धरून मला खाली बसवलं.

बाई हसल्या. जाऊ हसली. मग तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि बोलायला लागली. आईबद्दल, शेवळांबद्दल, एकट्या बसणाऱ्या पाहुण्यांबद्दल. वुड आणि कॅन आणि मस्ट, सगळे आपापल्या जागी. नोकरी तिला तिथेच मिळाली.

परतताना चौकला रसवंतीवर थांबलो. ग्लास हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, घाईत तोंडातून मस्ट गेलं बघा माझ्या. लय चुकलं का?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर होतं." आणि मग थांबता आलं नाही. "वहीतलंही सगळं बरोबर होतं."

ती माझ्याकडे वळली. "तुमाला ठाऊक होतं? खोडताना?"

"हो."

"मी चार दिवस पाहुण्यांशी बोलले नाय, ताई. मान हलवायची नुसती. म्हटलं, एवढी वर्षं लोक मला हसत असतील."

मला तुझा हेवा वाटतो, एवढं म्हणाले. ते अगदी बारीक आवाजात निघालं. तिने रस तसाच ठेवला, स्कूटी चालू केली आणि म्हणाली, "बसा."

पुढे दोन महिने ती माझ्याशी कामापुरतं बोलली. घरात कुणालाही तिने काही सांगितलं नाही, माझ्या मुलीलाही नाही. याचंही मला बरं वाटण्याऐवजी ओझंच झालं.

जूनमध्ये एका रविवारी ती आली. नव्या कामात ईमेल लिहावे लागत होते आणि स्पेलिंगवाचून अडत होतं. दारातच उभी राहून म्हणाली, "लिवायला शिकवाल? पण खरं शिकवायचं."

"खरं शिकवेन."

तेव्हापासून आम्ही रविवारी दुपारी बसतो. ती अजून रिसीव्हमध्ये ईच्या आधी आय लिहिते. तिने विचारलं की मी सांगते आणि जे बरोबर आहे त्याला हात लावत नाही. पण मधेच तिचा फोन वाजतो, ती उठून बाहेर जाते, आणि पलीकडच्या माणसाचं हसणं आतपर्यंत ऐकू येतं. तेवढा वेळ मी तिच्या वहीची पानं उलटत राहते आणि एक अक्षरही वाचत नाही.