रुपेरी पिशवीतली चिप

नांदेडला ताईचं मशीनींचे सर्किट बोर्ड दुरुस्तीचं दुकान हाय, मी तिच्या हाताखाली. कामाला बसली की तिच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याला वायर, वायर अर्थिंगला. मी चिडवायचो, "ताई, दावं सोडू का? चरून येतीस?" गिऱ्हाईक हसायचं. ताई न्हाई.

"अंगातली वीज तुला कळत न्हाई, चिपला कळती," ती म्हणायची. "जळाली तर बरं, लगेच दिसतं. जखमी झाली तर बेकार. आज चालंल, पंधरा दिसांनी दगा देईल."

हे बी मी तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचो.

नकला करायचा नाद शाळेपासनंचा. उमरीला गणिताच्या सरांची लई भारी जमायची. वर्गात काही फुटलं की सर थांबत थांबत म्हणायचे, "ज्यानं केलं... त्यानं हात वर करावा... मारणार न्हाई." अन् खरंच मारायचे न्हाईत.

गेल्या थंडीत त्याच सरांचं ऑक्सिजनचं मशीन दुकानात आलं. सरांची फुफ्फुसं गेलेली, नाकात कायम नळी. सरांच्या बायको, काकू, उमरीहून एकट्याच मशीन घेऊन आल्या. "घरी सिलिंडर लावून आले, पर ते संध्याकाळपर्यंतच पुरतंय रे लेकरा."

बोर्डावरची एक चिप गेली होती. तसली ताईकडं एकच होती, अंगातली वीज लागू नये म्हणून रुपेरी पिशवीत. ताई जुनी काढून राहिली होती. काकूंचं तोंड एवढंसं झालेलं, म्हणून मी सरांची नक्कल सुरू केली. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मला चेव आला. सर फळ्याकडं जाताना स्वेटर काढायचे, तसं मी डोक्यावरनं ओढून काढलं. चरचर आवाज झाला, केस उभे राहिले. काकू अजून हसल्या.

"चिप दे," ताई मान वर न करता म्हणाली.

मी पिशवी टेबलावर पालथी केली अन् चिप बोटानं उचलली. पट्टा घातला न्हाई. टिक! सुई टोचल्यागत झालं. ताईला दिसलं न्हाई.

सांगितलं असतं तर दुसरी चिप हैदराबादहून यायला दोन दिवस. सिलिंडर संध्याकाळपर्यंत. तेवढ्यात ताईनं चिप बसवली अन् मशीन सुरू झालं. चालतंय की, म्हणलं, अन् गप बसलो. दुसरी मागवून ठेव, एवढं तरी ताईला म्हणता आलं असतं.

बाराव्या दिवशी भर दुपारी मशीन बंद पडलं. लाईट होती. सिलिंडर रिकामं होतं. जीपमधी घालून नांदेडला आणताना सर वाटंतच गेले.

आम्ही उमरीला गेलो. "बोर्डच गेलं असंल का?" ताई जीपमधी दोनदा म्हणाली. मी खिडकीतनं बाहेर बघत बसलो.

काकूंनी मला जवळ बसवलं. "त्या दिवशी लई हसवलंस. एकदा बोल की त्यांच्यासारखं."

सगळी बाया-माणसं माझ्याकडं बघून राहिली होती. ताई बी.

"ज्यानं केलं..." मी म्हणलो, "त्यानं हात वर करावा... मारणार न्हाई."

आवाज अगदी तसाच निघाला. काकूंनी डोळे मिटले. माझे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.