प्रॉम्प्टरबाईंचे तीन प्रश्न

तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून आम्हा नटांना विसरलेली वाक्यं पुरवणाऱ्या आमच्या प्रॉम्प्टरबाई आता घरमालकीण आहेत. त्यांची कुजबुज नटाला नेमकी ऐकू जायची, पहिल्या रांगेला कधीच नाही. मी राजाच्या भूमिका करायचो, म्हणून त्यांच्या तोंडी मी अजूनही ‘राजे’.

वरची खोली भाड्याने देताना नोकरीची चौकशी बाई स्वतः करतात. एका भाडेकरूने साहेबाचा म्हणून चक्क मेव्हण्याचा नंबर दिला होता, तेव्हापासून अर्जावरच्या नंबरवर त्यांचा भरवसा नाही. कंपनीचा नंबर आपण शोधायचा आणि तीन प्रश्न विचारायचे: हुद्दा काय, कधीपासून, पगार किती. उत्तरं अर्जाशी जुळली की किल्ली.

परवा अर्ज आला तो चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका मुलीचा. शनिवारी तिला वसतिगृह सोडायचं होतं. पगाराची पावती जोडली होती, पण पावती काय, कोणीही छापतं. बाईंनी कारखान्यात तीनदा फोन लावला, कोणी उचलेना. संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर खोली दुसऱ्याला, असं त्यांनी सांगून टाकलं. पोरगी वरच्या खिडकीकडे बघत कामावर निघून गेली. माझ्यातला नट तिथेच जागा झाला.

घरी जाऊन घसा साफ केला, आवाजाला जरा पोट आणलं आणि बाईंच्या नंबर न दिसणाऱ्या जुन्या फोनवर फोन लावला. मी कारखान्याचा मालक, आपले तीन फोन येऊन गेले म्हणे! काय रंगलो म्हणून सांगू. हुद्दा सांगितला, दोन वर्षं सांगितली, यंत्रांच्या खडखडाटावर चार वाक्यं पदरची घातली. मग बाईंनी पगार विचारला आणि मी ठार कोरा. अर्ज त्यांच्याच टेबलावर वाचला होता, पण आकडा काही केल्या आठवेना.

क्षणभरच. तिकडून ती ओळखीची कुजबुज आली, “अठ्ठावीस हजार.”

“अठ्ठावीस हजार!” मी दणक्यात उचललं.



“राजे,” बाई म्हणाल्या, “मुलीला हे माहीत आहे?”

“नाही हो. शपथ.”

“मग चपला घाला.”

कारखान्यात मालक कानात कापसाचे बोळे घालून यंत्रापाशी उभे. फोन कोपऱ्यात एकटाच वाजून दमला असणार. आम्हाला बघून मुलगी पांढरीफटक पडली. बाईंनी तेच तीन प्रश्न ओरडून विचारले. हुद्दा जुळला, दोन वर्षं जुळली. पगारापाशी मालक अडखळले, छताकडे बघू लागले. इकडे बाईंचे ओठ हलायला लागले! त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

“अठ्ठावीस,” मालक अखेर म्हणाले, “जादा कामाचे वेगळे.”

बाईंनी हात काढून श्वास घेतला. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवून हे कोण, असं विचारलं.

“हे होय? सकाळी पाच मिनिटं हे तुम्ही होते.”

किल्ली तिथेच, मुलीच्या काचेच्या भुकटीने माखलेल्या हातावर पडली. परतताना बाई रस्ताभर हसत होत्या, मधेच थांबून माझा मालकी आवाज काढत होत्या. भूमिका वाईट नव्हती, म्हणाल्या, पाठांतर तेवढं पहिल्यासारखंच कच्चं.