अण्णांचं दुपारचं पाणी

माझ्या वडिलांनी माझ्या डोळ्यांदेखत अन्न सोडलं आणि मी ते सोडू दिलं. इथे व्हाइटफील्डमध्ये, आमच्या सोसायटीत, हे कुणाला सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. म्हणून हल्ली सांगत नाही.

आम्ही बेळगावकडचे जैन. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अण्णा शाळामास्तर होते. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले, आणि अकराव्या मजल्यावरची बाल्कनी त्यांची झाली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उपचार केले तर काही महिने मिळतील. अण्णा म्हणाले, "महिने घेऊन करू काय?" शहराजवळ एक मुनी महाराज मुक्कामाला होते. त्यांच्यासमोर बसून अण्णांनी सल्लेखनेचा, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवायचा, नियम घेतला. आधी धान्य सोडायचं, मग दूध, मग ताक, सगळ्यात शेवटी पाणी. गाडी मीच चालवत नेली होती. परत येताना अण्णा मागच्या सीटवर छान झोपले, आणि मी प्रत्येक सिग्नलला डोळे पुसत होते.

दूध सुटलं तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीबाई दारात आल्या. "आप उनको भूखा मार रहे हो? पुलिस को बताना पड़ेगा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुमच्या सासूबाई दीड महिना नळ्या लावून पडल्या होत्या, तेव्हा मी आले होते का जाब विचारायला? बाईंचा चेहरा पडला. नको होतं बोलायला, पण माझी जीभ ही अशी. दुसरीकडे आमचे नातेवाईक! रोज पाच-पंचवीस जण दर्शनाला यायचे. अण्णांच्या पाया पडायचे आणि तिथेच वाकून फोटो काढायचे. मेल्यांनो, माणूस अजून जिवंत आहे, असं ओरडावंसं वाटायचं. चुलतभाऊ म्हणाला, "अक्का, केवढं भाग्य तुझं." कसलं आलंय भाग्य? खरं सांगायचं तर सेक्रेटरीबाई जे बोलल्या तेच माझ्याही पोटात होतं. अण्णांनी थोडं जगावं, निदान दिवाळीपर्यंत तरी, एवढंच मला हवं होतं.

ताकही सुटलं. राहिलं ते दिवसातून एकदा, दुपारी बारा वाजता, एक पेला पाणी. तेही नियमाप्रमाणे विहिरीचंच. इथे आम्ही टँकरचं पाणी पिणारी माणसं, विहीर आणायची कुठून? जयनगरकडच्या एका बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, होती. मी ऑफिसातून रजा घेतली आणि रोज सकाळी व्हाइटफील्डहून तिकडे जायला लागले. जायला दीड तास, यायला दोन. पुजारी म्हणायचे, "स्वल्प थांबा अक्का," आणि स्वतः कळशी भरून द्यायचे. घरी येऊन मी ते पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची, उकळायची, निववायची.

आणि मग त्यात दोन चमचे ग्लुकोज घालायची.

 पहिल्या दिवशी पेला त्यांच्या ओठांशी धरला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अण्णांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पेला संपवला. मला वाटलं, आजारात तोंडाची चव जाते, कळलं नसणार. दुसऱ्या दिवशी तीन चमचे घातले. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी त्यांनी पेला हातानेच बाजूला केला. "आजपासनं पाणी पण नको."

"असं काय अण्णा, महाराजांनी अजून आठ दिवस घ्यायला सांगितलंय की."

"माझ्यापायी तू खोटं वागायलीस बाळ. ते नको मला."

 मी खुर्ची ओढून बसले. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग प्यायलात का?"

"तू रडत होतीस की."

मी पाया पडले, शपथा घेतल्या, उद्यापासून नुसतं पाणी देते म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले.

महिन्याभराने समाजाने जयनगरच्या हॉलमध्ये सभा ठेवली. माइकवर अध्यक्ष म्हणाले, आजच्या भोगाच्या काळात, या अशा शहरात, असं निर्दोष व्रत विरळा, आणि अशी सेवा करणारी मुलगी त्याहून विरळा. टाळ्या झाल्या. मला स्टेजवर बोलावलं. मनात म्हटलं, आता सांगायचं. माझ्यासाठी अण्णांनी चार दिवस व्रत मोडलं, आणि मी खोटं वागू नये म्हणून पाणी आधी सोडलं, एवढं दोन वाक्यांत सांगायचं आणि खाली उतरायचं.

अध्यक्षांनी शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक माझ्यापुढे धरला, "दोन शब्द बोला अक्का."

मी म्हटलं, "अण्णांचीच पुण्याई." सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.